पाटीवरची चौथी ओळ

आयर्लंडमध्ये राहायला चांगली जागा कशी शोधायची, हे मला विचारायला आजवर कोणी आलेलं नाही. आलं तर मी तासभर सांगू शकेन. बोईसरला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत माझ्या सहा खोल्या आहेत. खाली तीन, वर तीन, त्यावर पत्रे. हे होते तोवर खोल्यांचं सगळं तेच बघायचे. ते गेल्यापासून मी बघते, त्यालाही आता अकरा वर्षं झाली. भाडेकरू सगळे कारखान्यांतले. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, दोघे आपल्या जव्हारकडचे. सगळे मला आंटी म्हणतात, आणि माझ्या मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

खोली बघायला आलेला माणूस काय बघतो, यावरून मी त्याला ओळखते. बहुतेक जण पंखा बघतात आणि फोनला रेंज येते का ते बघतात. खुळे कुठले! पंखा नवा लावता येतो, भिंत नवी लावता येत नाही. आधी भिंतीला तळहात लावायचा, तोही खाली, जमिनीपासून वीतभर अंतरावर, कारण ओल तिथून चढते. मग नळ सोडून बघायचा. मग खाटेखाली वाकायचं, म्हणजे इथला झाडू कुठवर पोचतो ते कळतं. आणि शेवटी खिडकी उघडून थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. काय वास येतो, कोणाचं भांडण ऐकू येतं, समोरच्याची नजर आपल्या ताटात पडते का, हे उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

इतक्या वर्षांत हे सगळं नीट करणारी एकच बाई मला भेटली, आणि ती भाडेकरू नव्हती. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बिहारचा एक माणूस राहतो. तिशीचा, तारेच्या कारखान्यात कामाला. दोन वर्षांपूर्वी त्याची आई गावाहून यायची होती. "आंटी, चार दिन रहेगी," तो म्हणाला. मी भिंतीवरची पाटी दाखवली. ती यांनीच रंगवून घेतलेली, वर मराठीत आणि खाली हिंदीत. पाणी जपून वापरणे. गाणी मोठ्याने लावू नयेत. जिन्यात चपला काढू नयेत. आणि चौथी ओळ, रात्री पाहुणा ठेवू नये. एकाला हो म्हटलं की सहाही खोल्यांत मेहुणे येऊन पसरतात. बोट दिलं की मनगट धरतात, हा माझा अनुभव आहे.

त्याने वाद घातला नाही. आईला उमरोळीला एका गाववाल्याच्या खोलीवर ठेवलं आणि एका दुपारी आपली खोली दाखवायला घेऊन आला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. ती दोघं वर गेली तशी मीही सूप घेऊन मागोमाग गॅलरीत जाऊन बसले, कारण लोक माझ्या खोल्यांत काय बघतात हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या बाईने पदर सावरला, वाकली आणि भिंतीला तळहात लावला. बरोबर वीतभर अंतरावर. मग नळ सोडला. मग खाटेखाली बघितलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली ती बराच वेळ हललीच नाही. मला रागच आला. म्हटलं, राहायचं नाही तर तपासते कशाला? खाली उतरताना ती लेकाला म्हणाली, "जगह बढ़िया है." मला मनातल्या मनात हसू आलं. त्या कोपऱ्यातल्या भिंतीला दर वर्षी ओल धरते, मला ठाऊक आहे. एवढं तपासून बाईला काही कळलं नाही तर! जाताना तिने मला हात जोडले. मी मान हलवली आणि पुन्हा तांदळात बघायला लागले.

तर अशा मला माझी लेक म्हणाली, "आई, राहायची जागा तूच शोध." म्हणजे कोळणीला पापलेट निवडायला सांगण्यातला प्रकार.

लेक पाच वर्षांपूर्वी नर्स म्हणून डब्लिनला गेली. गेल्या वर्षी तिने माझं तिकीट काढलं, सप्टेंबरातलं, आठ दिवसांचं. तिला रजाच तेवढी होती. तिकीट आलं त्या दिवसापासून माझी एकच हौस, लेकीचं घर बघायचं. चार वर्षं ती मला फोनवर दिसत होती, पण तिच्या पाठीमागे नेहमी एक पांढरी भिंत. दुसरं काही कधी दिसलंच नाही. ती झोपते कुठे, कपडे वाळत घालते कुठे, सकाळी डोळे उघडल्यावर तिला काय दिसतं, हे मला बघायचं होतं. आयर्लंड काय, नंतर बघितला असता. पालघरला जाऊन मी पडद्याचं कापड आणलं, बारीक पिवळ्या फुलांचं. तिला म्हटलं, तुझ्या खिडकीचं माप पाठव. पाठवते म्हणाली. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाली पाठवते. शेवटी मी माझ्याच खोल्यांच्या खिडकीच्या मापाने पडदा शिवला.

मग एक दिवस तिचा फोन आला. "आई, आपण शहरात नको राहूया. इथे न्यूग्रेंज म्हणून जागा आहे. पाच हजार वर्षांपूर्वीची. पिरॅमिडच्याही आधीची. तिथे जवळ कुठेतरी राहू, तुला आवडेल."

"तुझ्याकडे का नको?"

"माझी खोली लहान आहे गं."

"लहान म्हणजे किती? माझ्या दहा बाय दहात तीन-तीन माणसं झोपतात."

ती हसली आणि मग ते राहायची जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात घातलं. माझी लेक हुशार आहे. नाकासमोर खोल्यांचे फोटो धरले की आई बाकीचं विसरते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. मी विसरले नाही, पण गुंतले मात्र खरी.

दुपारी भाडेकरू कामावर गेले की मी जिन्यात बसायची आणि त्या न्यूग्रेंजच्या आसपासची घरं फोनवर बघायची. लोकांनी दिलेल्या तारका मी मोजल्याच नाहीत. फोटो बघितले. खोली कोपऱ्यातून, खाली बसून काढली की मोठी दिसते. मी स्वतः तसेच फोटो काढून पाठवते, म्हणून मला कोण शिकवणार? जिथे पलंगाचे पाच फोटो आणि न्हाणीघराचा एकही नाही, ती जागा रद्द. जिथे उशांवर उशा रचल्यात, तिथे काहीतरी झाकलंय. एका ठिकाणी खिडकीतून ती पुरातन टेकडी दिसते असं लिहिलं होतं. फोटो बोटांनी मोठा करून बघितला तर दिसत होता दुसऱ्याच कोणाचा तरी गोठा. आमच्याकडे दलाल "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणतात ना, तसंच. जग सगळीकडे सारखंच आहे म्हणायचं.

चार जागा शिल्लक राहिल्या. फोनकडून इंग्रजी करून घेऊन मी चौघांनाही तोच प्रश्न पाठवला, जो माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिला विचारतो. पाणी किती वाजता येतं?

पहिल्याने लिहिलं की चोवीस तास गरम पाणी आहे. मी विश्वास ठेवला नाही, मीही तसंच सांगते. दुसऱ्याचं उत्तरच आलं नाही. तिसरी जागा समुद्राकडची होती, त्यांनी मला त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाठवल्या. माझं माहेर सफाळ्याजवळ माकुणसारला. भरतीच्या वेळा आयर्लंडहून मागवायची वेळ माझ्यावर यावी, याचं मला फार हसू आलं.

चौथं उत्तर एका शेतावरच्या घरातून आलं. लिहिणारी बाई म्हणाली, आमची स्वतःची विहीर आहे, त्यावर पंप आहे, वीज गेली की पाणीही जातं, पण फार वेळ नाही. आणि खाली तिने मला विचारलं होतं, तुमच्याकडे पाण्याची वेळ असते का? कोणती? मग तुम्ही काय करता? मी तिला पिंपांबद्दल लिहिलं, सकाळच्या घाईबद्दल लिहिलं, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही त्या दिवशी काय होतं तेही लिहिलं. तिने लगेच उलट लिहिलं. असं करत आमचं सुरूच झालं. मी विचारलं, टेकडी चालत किती लांब? ती म्हणाली, मी बहात्तर वर्षांची, एक खुबा खराब, मला चाळीस मिनिटं लागतात, त्यात वाटेत कोणाशी गप्पा मारायला थांबते ते धरलंय. असं उत्तर देणाऱ्या बाईची भिंत ओली असली तरी मी राहिले असते.

माकुणसारहून माझी भावजय आली होती तेव्हा तिला मी सगळं कौतुकाने दाखवलं. ती टेकडी म्हणजे आत दगडी खोली आहे, जुन्या लोकांनी मेलेल्यांच्या जाळलेल्या अस्थी त्यात ठेवल्या होत्या, वगैरे. तिने फोन माझ्या हातात परत दिला.

"ताई, तुमी पोरीकडं चालल्या का मढ्यांकडं?"

"बघण्यासारखं हाय गं ते."

"आसंल. पन पोरीचं घर असताना दुसऱ्याकडं कशाला ऱ्हायचं? आमी नाय बा ऐकलं कदी असं."

"तिकडं तशीच पद्धत हाय," मी म्हटलं. मला स्वतःलाही ते पटलं नव्हतं. लेकीचं घर असताना पैसे देऊन दुसरीकडे राहायचं, हे मला आतून लागलं होतं. तिला माझी लाज वाटते की काय, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं. माझं इंग्रजी, माझी साडी, माझं मोठ्याने बोलणं. पण तिला विचारायचं कसं?

विमानतळावर लेक गळ्यात पडली आणि आम्ही दोघी रडलो, ते असो. रडून झाल्यावर मी म्हटलं, चल, आधी तुझ्याकडे जाऊन पडदा लावू. ती म्हणाली, उलट्या दिशेला आहे गं, बस चुकेल. आम्ही थेट बसमध्ये बसलो. बाहेर सगळीकडे हिरवं गवत आणि मेंढ्या. भात कुठेच नाही. मी लेकीच्या हातांकडे बघत होते. सारखे हात धुऊन तिची कातडी कोरडी पडली होती.

शेतावरच्या बाईने आमचं नाव-गाव विचारायच्या आधी चहाचं विचारलं. चहा काळा आणि कडक, वर दुधाची धार. सोबत तपकिरी पाव आणि तिच्या कोंबड्यांची अंडी. मग खोली दाखवली. लेक माझ्याकडे विनवणीच्या नजरेने बघत होती, पण हात काही माझ्या ऐकण्यातले नाहीत. मी वाकून भिंतीला तळहात लावला. कोरडी. नळ सोडला. पलंगाखाली बघितलं, धूळ नव्हती, एक मांजर होतं. बाई दारात उभी राहून बघत होती. ती एकदम हसायला लागली आणि लेकीला काहीतरी म्हणाली. लेकीने मला सांगितलं, "त्या म्हणतायत, मी कुठे राहायला गेले की अगदी असंच करते, आणि माझ्या मुलीला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

दुसऱ्या दिवशी न्यूग्रेंजला गेलो. बाईने आपल्या गाडीतून तिकिटाच्या जागेपर्यंत सोडलं, पुढे तिथल्याच बसने गेलो. बाहेरून बघाल तर मोठी गवताची टेकडी, पुढे पांढऱ्या दगडांची भिंत. दारातला दगड वेटोळ्यांनी कोरलेला. आत जायची वाट इतकी अरुंद की मला पोट आत घेऊन, तिरकं होऊन, वाकून जावं लागलं. पोचलो ती एक लहानशी गोल खोली. वर बघितलं तर दगडावर दगड पुढे सरकवत सरकवत छप्पर मिटवत नेलेलं. माहिती सांगणारी तरुण मुलगी होती. ती म्हणाली की हे छप्पर पाच हजार वर्षांत गळलेलं नाही.

मी लेकीला म्हटलं, पुन्हा विचार तिला. गळलं नाही म्हणजे? अजिबात? ती म्हणाली, अजिबात नाही. मी इंग्रजीत स्वतःच विचारलं, काय घातलंय आत? ती मुलगी खूश झाली, हा प्रश्न तिला रोज कोणी विचारत नसणार. म्हणाली, भाजलेली माती आणि समुद्राची वाळू दगडांच्या फटींत भरली आहे, शिवाय पाणी वाहून जावं म्हणून वरच्या दगडांना वरच्या अंगाने खाचा पाडल्यात. समुद्राची वाळू! आमच्या केळव्याच्या किनाऱ्यावर ढिगाने पडलीय. आणि मी दर मे महिन्यात पत्र्यांच्या खिळ्यांवर डांबर फासत बसते. मेलेल्यांसाठी या लोकांनी न गळणारं छप्पर केलं, आणि मी जिवंत माणसांना बादल्या देते. मला खरंच शरम वाटली, पण त्याहून जास्त मला ते छप्पर जवळून बघायचं होतं.

मग तिने दिवे घालवले. दाराच्या वर सूर्यासाठी वेगळी चौकट ठेवली आहे, असं तिने सांगितलं. माणसांनी खालून यायचं आणि सूर्याने वरून. वर्षातले सगळ्यांत लहान दिवस असतात तेव्हा सकाळी थोडी मिनिटं सूर्याची तिरीप त्या चौकटीतून इथपर्यंत येते. आम्ही गेलो तो महिना त्याचा नव्हता, म्हणून त्यांनी दिव्याने तशी तिरीप पाडून दाखवली. अंधारात एक पिवळी रेघ जमिनीवरून सरकत आमच्या पायांपाशी आली. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. मी तिच्या कानात म्हटलं, "एका पाहुण्यासाठी केवढा खटाटोप केलाय बघ."

परत आल्यावर मी घरात शिरेना. मढं ठेवायच्या जागेतून आल्यावर पाय न धुता उंबरा कसा ओलांडायचा? पाच हजार वर्षं झाली म्हणून काय झालं! अंगणात बूट धुवायचा नळ होता, तिथे मी चपला काढून पाय धुवायला लागले. पाणी बर्फासारखं. लेक म्हणे, आई, प्लीज, आत बाथरूम आहे. तेवढ्यात शेतावरची बाई किटली घेऊन बाहेर आली आणि तिने न विचारता माझ्या पायांवर कोमट पाणी ओतलं. मग दाराच्या आत भिंतीवर टांगलेली लहानशी वाटी दाखवली. तीर्थाची वाटी. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत मी तशी बघितली होती. तिने त्यात बोट बुडवून कपाळाला लावलं, मीही लावलं आणि दोघी आत गेलो.

असे दिवस छान गेले. पण पडदा पिशवीतच होता. सातव्या दिवशी सकाळी मी अंडं तसंच ठेवून लेकीला म्हटलं, "उद्या मी जाणार. आज तुझं घर बघितल्याशिवाय मी जेवणार नाही." ती म्हणाली, "आई, लहान मुलासारखं काय करतेस?" मी म्हटलं, "तुला माझी लाज वाटते का, एवढं सांग." तिचा चेहरा असा उतरला की ते शब्द मला परत गिळावेसे वाटले. शेतावरची बाई चहा ओतता ओतता थांबली. भाषा कळली नाही तरी आई-लेक भांडतायत हे कोणालाही कळतं.

आम्ही डब्लिनला गेलो. घर दोन मजली होतं, दाराला निळा रंग. पाच जण राहत होते, सगळे कुठून कुठून आलेले. लेकीची खोली सगळ्यांत वर, छपराखाली. उतरत्या छतामुळे उभं फक्त मधोमध राहता येत होतं. आणि खिडकी छपरातच होती, वर, आकाशाकडे. तिला पडदा लावायला जागाच नव्हती. सकाळी डोळे उघडल्यावर तिला काय दिसतं ते मला कळलं. ढग.

मी वाकून भिंतीला तळहात लावला, वीतभर अंतरावर. हाताला गार ओल लागली. कपाटामागे रंग फुगला होता. मी कोपऱ्यातला नळ सोडला. पलंगाखाली बघितलं, तिथे तिचे कपडे खोक्यांत घडी करून ठेवले होते. मग त्या छपरातल्या खिडकीखाली मान वर करून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही.

"कशी आहे?" लेकीने मागून विचारलं.

"चांगली आहे," मी म्हटलं. "जागा चांगली आहे."

तोंडातून शब्द गेले आणि मला बोईसरचा जिना आठवला. तो उतरताना "जगह बढ़िया है" म्हणणारी ती बाई आठवली. तिच्याही हाताला ओल लागली असणार. लागलीच असणार. माझ्यासारखीच नेमक्या जागी हात लावणारी बाई ती, तिला न कळायला काय झालं?

खाली स्वयंपाकघरात लेकीने चहा केला. फ्रीजवर एक कागद चिकटवला होता, छापलेला, इंग्रजी. मी अक्षर अक्षर लावत वाचलं. आवाज. कचरा. चप्पल-बूट. आणि चौथी ओळ.

"कोणालाच रात्री ठेवता येत नाही," लेक म्हणाली. "पहिल्या दिवशी हे वाचलं तेव्हा मला इतकं हसू आलं. फोटो काढून तुला पाठवणार होते, तुझ्याच पाटीसारखं आहे म्हणून." ती कपात चमचा फिरवत राहिली. "मग नाही पाठवला. मालकाला तुझ्यासाठी विचारलं होतं मी. दोनदा. तो म्हणाला, एकाला हो म्हटलं तर सगळेच मागतील. मी त्याच्याशी भांडले नाही, आई. मला माहीत होतं ना तू काय म्हणाली असतीस."

मी चहा प्यायले. पडदा तिथेच ठेवून आले. ती म्हणाली, पांघरीन.

घरी आल्यावर चॉकलेटं द्यायला माकुणसारला गेले. भावजयीने बसायच्या आधीच विचारलं, "ताई, पोरीचं घर कसं हाय?"

"मोठं हाय. हवेशीर. भिंती कशा कोरड्या ठाक."

"तिकडंच ऱ्हायल्या ना?"

"मग कुटं ऱ्हानार? आठ दिवस तिच्याकडंच. घरमालकीन तर काय सांगू तुला, रोज सकाळी स्वतःच्या हातानं चा नि अंडं."

माझी पापणीही लवली नाही. चहा खरा होता, अंडं खरं होतं, बाईही खरी होती. फक्त घर दुसरं होतं.

पुढच्या दुपारी मी पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणि ब्रश घेऊन स्टुलावर चढले आणि पाटीची चौथी ओळ पुसायला लागले. मराठीची झाली, हिंदीची चालू होती, तेवढ्यात तो बिहारचा पहिल्या पाळीवरून आला. चपला हातात घेऊन जिन्याशी थांबला.

"क्या मिटा रही हो, आंटी?"

"वो चार नंबर का," मी म्हटलं. "तुम्हारी माँ को बुलाओ. इधर ही रहेगी, तुम्हारे कमरे में. जितना दिन रहना है उतना."

त्याने पाटी वाचली. मग कसंनुसं हसला.

"आंटी, माँ तो गाँव में सबको बोली है कि हमारे कमरे में ही रही थी. चारों दिन." त्याने चपला या हातातून त्या हातात घेतल्या. "आपका भी बहुत नाम लेती है. सबको बताती है, मालकिन बहुत अच्छी है, रोज सुबह अपने हाथ से चाय पिलाती थी."

ब्रशमधला रंग माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.